चिलापीच्या मागं होडीतून: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

साताऱ्यात फेब्रुवारी-मार्च लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "एकदा आम्हालाही ने की गळ टाकायला." नेतो मी. पण नेण्याआधी अर्धा तास बडबड करतो आणि त्यातली निम्मी माशांबद्दल नसते, होडीबद्दल असते. मासा लागणं सोपं आहे. तीन माणसं, तीन काठ्या, भाकरीचा डबा, आमिषाचा डबा आणि नांगराचा दगड हे सगळं बारा फुटांच्या होडीत चार तास एकमेकांना न लागता नांदवणं अवघड आहे. तीच बडबड इथं क्रमानं लिहितो.

मासा कोणता

पहिल्या दिवशी मरळ, कटला, वांब असली स्वप्नं पाहू नका. चिलापी धरा. हा मूळचा आफ्रिकेतला मासा. तिलापियाचं आपल्याकडं चिलापी झालं. भारतात तो १९५२ साली आणला आणि मग धरणं, तळी, नद्या, सगळीकडं पसरला. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही संकट दिसलं की आईच्या तोंडात शिरतात. एवढी काळजी घेणाऱ्या माशाची संख्या वाढणारच. आपल्या देशी माशांच्या खाण्यावर आणि जागेवर त्यानं हक्क सांगितला, म्हणून जुने मासेमार त्याला फारसं चांगलं म्हणत नाहीत. नवशिक्याला मात्र तो देवमाणूस. थव्यानं राहतो, काठाजवळ येतो, गांडूळ खातो, कणीक खातो, आणि एक सुटला तरी त्याच जागी दुसरा असतो.

इथं एक घोटाळा आधीच निस्तरतो. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून पोरं चमकणारे पत्र्याचे मासे, रबरी किडे घेऊन येतात. त्या व्हिडिओत बऱ्याचदा पर्च असतो. युरोपातल्या थंड पाण्यातला हिरवट, अंगावर उभे काळे पट्टे असलेला मासा. तोही थव्यानं राहतो, त्याच्याही पाठीवर काटे असतात, तोही छोट्या होडीतूनच धरतात, त्यामुळं सगळं सारखंच वाटतं. पण पर्च शिकारी आहे, लहान मासे पाठलाग करून खातो, म्हणून पळत्या चमकीला झेपावतो. आपली चिलापी मुख्यतः शेवाळ आणि तळाचा गाळ चरणारी. तिच्यापुढून चमकी सत्तर वेळा ओढली तरी ती ढुंकून बघणार नाही. ते सामान मरळीसाठी जपून ठेवा, आज घरीच राहू दे.

पाणी आणि परवानगी

आम्ही बहुतेक वेळा वेण्णेवरच्या कण्हेर धरणाच्या फुगवट्यावर जातो. साताऱ्याहून मेढ्याच्या रस्त्यानं निघालं की अर्ध्या तासात पाणी दिसतं. वाईकर मंडळी कृष्णेवरच्या धोमला जातात, परळीकडचे उरमोडीला. तिन्हीकडं पद्धत सारखीच: पाणी उतरायला लागलं की काठाला उघडे पडलेले जुने बांध, खाचरं, झाडांचे बुंधे दिसतात आणि त्यांचीच पुढची ओळ पाण्याखाली असते. चिलापी तिथंच.

आधी परवानगी. धरणातली मासेमारी म्हणजे मोकळं रान नव्हे. मत्स्यव्यवसाय विभाग हा हक्क ठेक्यानं देतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेच्या माणसाला भेटा, गळानं धरणार आहोत, इतके जण आहोत, संध्याकाळच्या आत परत येतो, असं सांगा, जी काही फी असेल ती द्या आणि पावती मागा. होडी आणि नावाडी बहुतेकदा तिथूनच मिळतो. भिंतीच्या जवळ, सांडव्याच्या आणि पाणी सोडायच्या दरवाज्यांच्या बाजूला होडी नेऊ नका. तिथं बंदी असते आणि ती योग्यच आहे. कोयनेचा शिवसागर आणि वारणेवरचं चांदोली कितीही देखणं असलं तरी तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख. तिथं गळ घेऊन जायचा विचारही करू नका.

नावाड्याला पहिला प्रश्न विचारायचा तो जाळी कुठं लावलीत हा. मासेमार संध्याकाळी जाळी लावतात आणि पहाटे उचलतात. पाण्यावर ओळीनं तरंगणाऱ्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसल्या तर तो कचरा नसतो, त्याखाली कुणाचं तरी जाळं असतं. त्यावर नांगर टाकलात तर त्या माणसाची दिवसभराची कमाई फाटेल आणि पुढच्या वेळी तुम्हाला होडी मिळणार नाही.

सांगलीकरांसाठी वेगळा परिच्छेद लागतो. भिलवडी-औदुंबरपासून सांगली-हरिपूरपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरीही होडीच्या काठावरून पाय पाण्यात सोडून बसलेले हौशी मी पाहिलेत. नदीत जायचंच असेल तर हातपाय आत, धरलेल्या माशांची जाळीची पिशवी पाण्यात लोंबकळत ठेवायची नाही, मासे काठावर साफ करून आतडी पाण्यात फेकायची नाहीत, आणि काठाला मगर ऊन खात पडलेली दिसली तर फोटोसाठी होडी जवळ न्यायची नाही. तिचं घर आहे ते. माझं विचाराल तर नवशिक्यांनी सांगलीत नदीवर होडी घेऊच नये. गावतळं बघावं, नाहीतर सरळ एसटी धरून साताऱ्याकडं यावं.

केव्हा निघायचं

चिलापी उबेची लालची. डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड पडलं की ती खोल पाण्यात सुस्त पडून राहते. पावसाळ्यात पाणी गढूळ, प्रवाह बेभरवशाचा, देशी माशांचा विणीचा काळ. तेव्हा जाऊच नका. उरला ऑक्टोबर आणि फेब्रुवारी ते मे. फेब्रुवारीत उन्हं वर आल्यावर, म्हणजे साडेआठ ते साडेअकरा. एप्रिल-मेमध्ये मात्र तांबडं फुटताना पाण्यावर हवं.

उन्हाळ्यात बाराच्या पुढं थांबू नका. उन्हं तापली की खोऱ्यातून पश्चिमेचा वारा सुटतो, सपाट पाण्यावर लाटा उठतात आणि येताना वीस मिनिटांत कापलेलं अंतर जाताना तासाभराचं होतं. वळवाचा तर भरवसाच नको. यवतेश्वर-कासच्या डोंगरावर काळं जमायला लागलं, गार झुळूक आली, की गप्पा, चहा, 'एवढा एक मासा' सगळं सोडून काठ गाठायचा. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता आणि तुमच्या हातात काठी असते. कार्बनची महाग काठी तर विजेला आमंत्रणच.

सामान

काठी वेळूची, आठ-नऊ फुटी, शेंड्याला लवणारी. रीळ पहिल्या दिवशी नकोच. रीळ आलं की लांब फेकायची हौस येते, आणि होडीत मागं फिरणारा गळ दुसऱ्याच्या कानाच्या वाटेनं जातो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या डाव्या कानाच्या पाळीवर अजून खूण आहे. काठीच्या शेंड्याला काठीएवढाच तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बांधा, हवं तर वीतभर कमी. म्हणजे काठी उभी केली की गळ आपोआप छातीशी, हातात येतो.

तंगूस पाव मिलिमीटर जाडीचा पुरतो. दुकानदार 'मजबूत' म्हणून जाड देईल, घेऊ नका, चिलापीला तो दोरखंड दिसतो. गळ आठ किंवा दहा नंबरचा. इथं लक्षात ठेवायचं की नंबर जितका मोठा तितका गळ लहान. दुकानात निम्मे लोक इथंच फसतात. चिलापीचं तोंड लहान असतं. मोठा गळ लावला की ती कडेनं आमिष कुरतडून नेते आणि तुम्ही दिवसभर तिला जेवू घालत बसता. प्रत्येकी दहा गळ घ्या, सहा जातातच. टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा. मासा थोडा जास्त सुटेल, पण बोटात घुसलेला गळ सहज निघेल. नवशिक्यांच्या होडीत हा सौदा फायद्याचा.

बाकी: शिशाचे ज्वारीच्या दाण्याएवढे मणी, मासा लागल्याचं कळावं म्हणून पाण्यावर तरंगणारं बोटाच्या पेराएवढं बूच, पक्कड, कात्री, जुना टॉवेल, बारदान, टोपी, माणशी दोन लिटर पाणी, दोन छोटी भांडी पाणी उपसायला, बर्फ घातलेला थर्माकोलचा खोका. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. आणि माणशी एक जीवरक्षक जॅकेट, जे अंगात घालायचं असतं, बुडाखाली उशी म्हणून घ्यायचं नसतं. पट्टे काठावरच आवळून बघा. खांद्यांना धरून वर ओढलं आणि जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यात तुमच्या आधी वर जाईल. पोहता येतं म्हणणाऱ्यालाही सूट नाही. विहिरीत सूर मारणं वेगळं आणि बूट-पँटीसकट धरणात पडणं वेगळं.

दारू नको. आमच्यातल्या पेंटरला हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं.

गाठ आणि जुळणी

हे घरी, पंख्याखाली, आदल्या रात्री करायचं. होडीत हलत्या बुडावर पहिल्यांदा गाठ शिकणं म्हणजे घोड्यावर बसून सुईत दोरा ओवणं.

तंगुसाचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवा, बोटभर लांब टोक बाहेर काढा. ते टोक मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. आता टोक मागं आणून नेढ्याजवळ तयार झालेल्या छोट्या फटीतून घाला, आणि त्यामुळं जो मोठा फास तयार होतो त्यातूनही काढा. थुंकीनं ओलं करा, मग सावकाश ओढा. कोरडीच ओढली तर घासून तापते आणि तिथंच कमकुवत होते. गाठ बसली की गळ पक्कडीत धरून जोरात हिसका द्या. सुटायची असेल तर आत्ताच सुटू दे.

गळापासून वीतभर वर शिशाचे एक-दोन मणी दाबून बसवा. त्याच्या वर बूच, सरकवता येईल असं. बादलीत पाणी भरून बघा: बुचाचं फक्त टोक वर राहिलं पाहिजे. अख्खं बूच पाण्यावर लोळत असेल तर शिसं वाढवा. चिलापीची ओढ इतकी हलकी असते की जड बुचाला ती कळतही नाही.

आमिष आणि चारा

गोठ्यालगतचा उकिरडा उकरला की गांडुळं मिळतात, आमच्याकडं काही लोक त्यांना दानवं म्हणतात. ओलसर मातीसकट डब्यात घ्या, झाकणाला भोकं पाडा, डबा उन्हात ठेवू नका. अख्खं गांडूळ लावायचं नाही. पेरभर तुकडा, गळ झाकेल आणि टोक जेमतेम बाहेर राहील इतका.

गांडुळाची किळस येत असेल तर कणीक. गव्हाचं पीठ, त्यात मूठभर बेसन, चिमूटभर हळद, आणि चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. पाण्यात ती विरघळते ही सगळ्यांची तक्रार. उपाय सोपा आहे: मळताना कापसाचा पुंजका विंचरून त्यात मिसळा. मग गोळी तास तास गळावर टिकते. गोळी तुरीच्या दाण्याएवढी. काही लोक त्यात अत्तर घालतात. त्यांना अत्तराचा वास आवडतो, चिलापीला आवडतो का ते अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

चारा वेगळा. शेंगदाण्याची पेंड रात्री भिजत घाला, सकाळी त्यात भाताचा कोंडा मिसळून लिंबाएवढे लाडू वळा. जागेवर पोचल्यावर दोन लाडू सोडा, मग पाव-पाव तासानं एक. जास्त नाही. आपल्याला पंगत वाढायची नाही, नुसता फोडणीचा वास द्यायचा आहे. पोट भरलेली चिलापी गळाकडं बघत नाही.

होडीत बसणं

माझ्या पहिल्या फेरीत आमच्यातल्या मास्तरांना तळहाताएवढी चिलापी लागली. मी फोटोसाठी उभा राहिलो, पेंटर मासा बघायला त्याच बाजूला वाकला, आणि होडीनं त्या बाजूनं घोटभर नव्हे, चांगलं बादलीभर पाणी प्यायलं. भाकरीचा डबा तरंगत निघाला. नावाडीमामांनी दुसऱ्या बाजूला अंग टाकून होडी सावरली आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "होडी हाय पावणं, एष्टी न्हाय. बसा खाली." ते वाक्य आम्ही आजतागायत एकमेकांना ऐकवतो.

तर नियम असा. बारा फुटांच्या होडीत नावाडी धरून चार, त्यापेक्षा एकही जास्त नाही. 'पोरगं आहे, मांडीवर बसेल' असंही नाही. चढायच्या आधी होडी बघून घ्या. बुडाला पाणी साचलंय का, वल्ह्याच्या खुंट्या घट्ट आहेत का. पत्र्याची असेल तर बाकाखाली हवाबंद कप्पे किंवा थर्माकोल आहे का हे विचारा, कारण लाकडी होडी भरली तरी तरंगत राहते, पत्र्याची तळ गाठते. चढताना पाय होडीच्या मधोमध, वाकून, दोन्ही हात दोन्ही काठांवर. एक जण बसल्यावरच दुसऱ्यानं पाय टाकायचा. सगळ्यात जड माणूस मधल्या बाकावर. ही जागा अपमानाची नाही, मानाची आहे असं आम्ही त्याला पटवून दिलंय.

बसल्यावर दिशा वाटून घ्या. पुढच्यानं डावीकडं टाकायचं, मधल्यानं उजवीकडं, असं. काठी डोक्यावरून फिरवायची नाही. गळ हातात धरायचा, शेंडा किंचित वाकवायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे तो झोपाळ्यासारखा पुढं जातो. काठी बाजूला ठेवताना गळ थर्माकोलच्या तुकड्यात टोचून. मासा लागला की ज्याला लागला तो "आला!" म्हणेल आणि बाकीचे दोघं आपापल्या जागी बसून राहतील. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण मासा वर येताना बघायला मन वाकतंच. मान वळवा, कंबर नको.

तरीही उलटलीच, तर होडी सोडू नका. काठ जवळ दिसतो पण तितका जवळ नसतो. होडीला धरून राहा, एकमेकांना हाका मारा. निघताना घरी कुणाला तरी सांगून ठेवा की कुठल्या पाण्यावर आहोत आणि किती वाजेपर्यंत परत येतो.

जागा आणि नांगर

मामा जिथं नेतील तिथं पहिला तास बसा, ते त्यांचं रोजचं पाणी आहे. पण आपणही बघायला शिका. काठाशी उथळ, वाळूमिश्रित तळाच्या पाण्यात ताटाएवढे गोल खड्डे दिसले तर ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी. मोठे मासे तिथून फार लांब नसतात. अशा काठापासून पाणी जिथं पाच ते आठ फूट खोल होतं ती उतरण धरा. त्यात पाण्याखालचा बांध किंवा बुंधा असेल तर सोन्याहून पिवळं.

नांगर म्हणजे आपल्याकडं दोरी बांधलेला दगड. एक नको, दोन हवेत, पुढं एक, मागं एक. एकाच दगडावर होडी वाऱ्यानं गोल फिरत राहते, सगळ्यांचे तंगूस एकमेकांत गुंततात आणि मैत्रीची परीक्षा होते. दगड धपकन टाकू नका, दोरी सोडत हळू उतरवा. बुडाशी बारदान अंथरा, म्हणजे पायाचा, डब्याचा आवाज पाण्यात जात नाही. तुम्ही बोललात तर चालतं, मासे गप्पांना घाबरत नाहीत. होडीच्या बुडावर आपटलेल्या टाचेला घाबरतात.

खोली मोजा. गळाला जरा जड शिसं अडकवून सोडा. बूच बुडालं तर ते खाली आहे, वर सरकवा. बूच आडवं पडलं तर खोली जास्त धरली, खाली घ्या. आमिष तळापासून चार बोटं वर लोंबलं पाहिजे. दर वेळी जागा बदलली की पुन्हा मोजायचं. आळस इथंच होतो, आणि शेजारच्याला मासे का लागतात नि आपल्याला का नाही याचं उत्तरही बहुतेकदा इथंच असतं.

बूच वाचणं

चिलापी आमिष गपकन गिळत नाही, चाखते. बूच आधी थरथरतं. ओढू नका. मग ते थोडं आत-बाहेर करतं. तरीही नाही. मग दोनपैकी एक होतं: बूच तिरकं सरकत पाण्याखाली जातं, किंवा उलट, वर उठून आडवं पडतं, कारण माशानं आमिष तोंडात घेऊन शिसं उचललेलं असतं. आता मनगट वर घ्या. मनगटच, अख्खा हात नाही. जोरात हिसडलं तर तिचं तोंड फाटतं, नाहीतर मासा हवेतून मागच्याच्या मांडीवर.

वीस मिनिटं काहीच झालं नाही तर आधी खोली बदला, मग आमिष बदला, तरी नाही तर होडी चाळीस-पन्नास फूट सरकवा. थवा हललेला असतो. लागायला लागली की मात्र झपाट्यानं लागते, अर्ध्या तासात तिघांचे मिळून वीस-पंचवीस मासे होतात. त्या गडबडीत मधल्या बाकावरचा माणूस फक्त मासे सोडवायला आणि आमिष लावायला बसवा, पाळीपाळीनं. आम्ही असं करायला लागल्यापासून गुंतागुंत निम्म्यानं कमी झाली.

मासा हातात आल्यावर

पाठीवरच्या पंखात पंधरा-सोळा टोकदार काटे असतात आणि घाबरली की ती सगळे उभे करते. ओल्या टॉवेलनं, डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत काटे बसवा आणि मग पकडा. गळ ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं, पक्कडीनं. अगदी घशात गेला असेल तर ओढाताण करण्यापेक्षा तंगूस कापा आणि नवीन गळ बांधा. ठेवायचा मासा डोक्यावर एक नेमका फटका देऊन लगेच मारा आणि बर्फात टाका. उन्हात तडफडत ठेवलेला मासा चवीलाही वाईट लागतो.

अंगठ्याएवढी पोरं परत सोडा. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला, जाड ओठांचा मासा चुकून लागला तर तो खडस असू शकतो, परदेशी शिकारी ज्याला महसीर म्हणून डोक्यावर घेतात त्यातलाच आपला दख्खनी भाऊ. तो आता कमी उरलाय. पाण्यातच धरून गळ काढा आणि जाऊ द्या. एखाद-दुसरा मित्र हळहळेल. हळहळू दे.

गळ बोटात घुसला तर: उलटा काटा दाबलेला असेल तर सरळ मागं येतो. नसेल, तर गळाच्या वाकावर तंगुसाचा फास अडकवा, गळाचा दांडा दुसऱ्या हातानं त्वचेवर दाबून धरा आणि फास दांड्याला समांतर एका झटक्यात ओढा. वाटतं तितकं दुखत नाही. हे फक्त हाता-पायाच्या मांसल भागासाठी. डोळ्याजवळ, गळ्याजवळ किंवा सांध्यात घुसला असेल तर हात लावू नका, तंगूस कापा, कापड गुंडाळा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं दोन्ही बाबतीत विचारा.

आवरताना

तंगुसाचे तुकडे खिशात घालून आणा. पाण्याकाठी बगळ्याच्या पायात अडकलेला तंगूस एकदा बघितला की पुन्हा कुणी टाकत नाही. शिशाचे मणीसुद्धा.

साफसफाई घरी, नळाखाली. खवले काढा, पोट उघडा, आणि आतून जी काळी पातळ पापुद्र्यासारखी कातडी असते ती बोटानं घासून पूर्ण काढा. चिलापीला चिखलाचा वास येतो म्हणणारे बहुतेक लोक ती काढत नाहीत. मग मीठ-हळद चोळून दहा मिनिटं, धुवायचं, चिंचेचा कोळ लावून अजून दहा मिनिटं. पाठीला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा. त्यात कांदा-लसूण मसाला दाबून भरायचा, वरून तांदळाचं पीठ, आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर, शेपटी कुरकुरीत होईपर्यंत. सोबत ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा.

पण हे घरी पोचल्यावर. त्याआधी, काठाला लागल्या लागल्या, होडीच्या भाड्याचे पैसे द्या आणि मामांचा वाटा काढा. खोक्यातले मोठे चार, खालच्या बर्फातले; वरची चिल्लीपिल्ली उचलून द्यायची नाही. ते "राहू द्या की" म्हणतील. तरी पिशवीत घाला आणि पुढच्या रविवारची होडी तिथंच सांगून ठेवा.